घरात म्हणतात, ‘पाटील’ लावण्याआधी आमचं आडनाव वेगळं होतं. नाशिकमध्ये ते कुठे सापडेल?

पंचवटीत रामकुंडाजवळ, तुमच्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत. यात्रेला, श्राद्धाला आलेल्यांची वंशावळ ते चोपड्यांत उतरवून ठेवतात. नुसतं ‘पाटील’ सांगू नका. कुलकर्णी, देशमुखांसारखं ते वतनाचं, म्हणजे पिढीजात हुद्द्याचं नाव, गावोगावी सापडतं. मूळ गाव, तालुका, जात आणि पणजोबांचं नाव घेऊन जा. यजमान बहुधा गाव आणि जातीप्रमाणे वाटलेले असतात, त्यामुळे गाव चुकलं की उपाध्येच चुकतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तिथेच वाचून घ्या. मात्र पूर्वज नाशिकला आलेच नसतील तर नोंद नसणारच. मग मूळ गावाच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक (गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) मागा. त्यात बऱ्याचदा आडनावाऐवजी बापाचं नाव आणि जातच असते म्हणा.