ईमेल तिलाच लिहू द्या

प्रश्न : मुलगी टीवायबीकॉमला आहे, अकरावीपासून स्पॅनिश शिकते. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत बी-२ पातळीला वाचन 22, लेखन 19, ऐकणं 15, बोलणं 12 असे एकूण 68 गुण असूनही निकाल 'नो आप्तो', म्हणजे नापास. 60 ला पास असताना ही चूक नाही का? रीचेकिंगसाठी तिच्या नावाने स्पॅनिशमध्ये कडक ईमेल लिहून द्याल का? लॉगिन माझ्याकडेच आहे. ती काहीच बोलत नाही, जेवायलाही बाहेर येत नाही. पूर्वी मोठमोठ्याने उच्चार करत बसायची, शेजारी ऐकतात म्हणून मीच मनात वाच म्हणालो होतो. – एक वडील, नेरुळ

उत्तर : ईमेल लिहून देणार नाही. बी-२ ला बसलेल्या मुलीला असा ईमेल स्वतः लिहिता येतो; लेखनात तिला 25 पैकी 19 आहेत. तुम्हाला तो माझ्याकडून हवा आहे, कारण तिला विचारलेलंच नाही.

आधी गुणांचं बघू. 'एकूण 60 म्हणजे पास' हा समज क्लासमधल्या मुलांचाही असतो. डेलेत दोन गट असतात, वाचन-लेखन आणि ऐकणं-बोलणं. प्रत्येक गटात 50 पैकी किमान 30 लागतात, तेही एकाच परीक्षेत. तिचे पहिल्या गटात 41 आहेत, दुसऱ्यात 27. पहिल्यातले जास्तीचे 11 दुसऱ्यात ओतता येत नाहीत. तेव्हा बेरजेत चूक नाही. फेरतपासणी मागता येते, पण ती तिने, मुदतीत. पुन्हा बसली तर चारही भाग द्यावे लागतील.

आता बोलण्यातले 12. त्याचं सगळं खापर तुमच्यावर फोडत नाही. पण परकी भाषा तोंडातून बाहेर पडल्याशिवाय जिभेवर बसत नाही, आणि तुम्ही मुलीला ती मनात वाचायला लावलीत. शेजाऱ्यांना स्पॅनिश ऐकू आलं असतं तर काय बिघडलं असतं? तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर बसून मत मांडायचं असतं. घरात जिचे गुण, पासवर्ड आणि तक्रारही वडीलच सांभाळतात, तिला मत मांडायची सवय कुठून लागणार?

मला तिच्या निकालापेक्षा जेवायला न येण्याची जास्त काळजी वाटते. पत्रात त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत. आठ-दहा दिवस गुणांचा विषय काढू नका. तरीही ती अशीच राहिली तर समुपदेशकाकडे न्या, भाषेच्या क्लासला नव्हे.

सिएले या स्पॅनिशच्याच दुसऱ्या परीक्षेचा पर्याय आहे : पास-नापास नाही, 1000 पैकी गुण, प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. नोकरीचं म्हणाल तर ऐरोली-महापेच्या कंपन्यांत स्पॅनिशच्या जागेसाठी गेलात की बहुतेकदा आधी बोलायलाच लावतात.

पण यातलं काही तिला हवंय का, हे तुमच्या पत्रावरून मला कळलं नाही. आज तिला पासवर्ड बदलायला सांगा, आणि नवा विचारू नका. पुढचं पत्र तिने लिहिलं तर उत्तर नक्की देईन.