ज्याच्या हातात स्टिअरिंग, टॅगही त्याच्याच फोनवर हवा

तुम्ही विचारलंय: ‘नाशिकहून महिन्यातून एकदा गाडीने मुंबईत येतो. फास्टॅग भावाच्या फोनवर आहे, कधी त्यात पैसे असतात, कधी नसतात. रोख मी जवळ ठेवत नाही. छोटे टोल यूपीआयने भरून भागतं का?’

भागतं, पण महाग पडतं. तुमच्या वाटेवरचे घोटी आणि पडघा हे दोन्ही नाके राष्ट्रीय महामार्गावरचे. तिथे १५ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा, की टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट. राज्याच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून टॅगशिवाय यूपीआयने भरा, कार्डाने भरा की रोख द्या, दुप्पटच. म्हणजे वांद्रे-वरळी सी लिंकला कारचे १०० आहेत, तिथे २०० जातात. मुलुंडच्या नाक्याची मात्र काळजी सोडा. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारला १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल नाही.

एवढं कोणीही सांगेल. मी लिहायला बसले ते ‘टॅग भावाच्या फोनवर आहे’ या वाक्यामुळे. आमच्याकडे तो नवऱ्याच्या फोनवर होता.

ऑक्टोबर २०२३ चा पहिला आठवडा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, माटुंग्याला, आणि सकाळी साडेसातला हजर राहायला सांगितलं होतं. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. एरवी मी कामाला लोकलनेच जाते, पण आईला घेऊन त्या गर्दीत शिरणं शक्य नव्हतं, म्हणून गाडी काढली. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या पगारातून जातात. पण शोरूममध्ये टॅगचा फॉर्म भरताना नवऱ्याने मोबाईल नंबर स्वतःचा टाकला होता. मी शेजारीच उभी होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मुंबईत शिरतानाच्या नाक्यावर दिवा लाल झाला. टॅगमध्ये पैसे नाहीत. तसे मेसेज आठवडाभर येत होते, नवऱ्याच्या फोनवर, आणि त्याने ते उघडलेच नव्हते. तो त्या वेळी बंगळुरूच्या विमानात होता, फोन बंद. मी रांगेतच गाडीचा नंबर टाकून माझ्या फोनवरून ५०० रुपयांचं रिचार्ज केलं. पैसे कापले गेले, मेसेजही आला. बूथवरच्या मुलाने हातातलं मशीन काचेला लावून पाहिलं, तरी लालच. ‘मॅडम, आत्ता भरलेले लगेच दिसत नाहीत, कॅश द्या,’ म्हणाला. क्यूआर कोड त्याच्याकडे नव्हता. त्याने दुप्पट मागितले नाहीत, पूर्ण वेळ नीट बोलला, हे मी मुद्दाम लिहितेय.

गिअरपाशी दहाची चार नाणी होती. तीन वर्षं टोल ४० रुपये होता, त्यामुळे ती तिथे पडलेलीच असायची. पण त्याच महिन्याच्या एक तारखेपासून ४५ झाले होते, आणि मला पाच रुपये कमी पडत होते. माझ्या पर्समध्ये दोन कार्डं, एक पैसा नाही. दवाखान्यात पैसे-दागिने आणू नका असं सांगितल्यामुळे आईही पर्स घरी ठेवून निघालेली.

मागे हॉर्न सुरू झाले. दुसऱ्या की तिसऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरून आले, काचेवर टकटक केली आणि म्हणाले, ‘झेपत नाही तर गाडी बाजूला घ्या. मिस्टरांना पाठवायचं ना.’ मी त्यांना काहीही उत्तर दिलं नाही. ते न दिलेलं उत्तर अजून माझ्या घशात आहे.

आईने कमरेचा बटवा काढला. त्यात ती देवळात ठेवायला सुटी नाणी ठेवते. दोन्ही डोळ्यांना धूसर दिसत होतं, त्यामुळे ती एकेक नाणं बोटांनी चाचपत होती. जुनं जाड पाचाचं नाणं तिला हाताला कळलं. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, ‘हे बघ गं, पाचाचंच आहे ना?’

सगळा प्रकार तीन-चार मिनिटांचा. ऑपरेशन वेळेवर झालं आणि चांगलं झालं. पण माझी पगारातून घेतलेली गाडी, माझ्या फोनमध्ये पैसे, आणि नाक्यावरून मला पुढे काढलं ते नीट दिसत नसलेल्या आईच्या बटव्यातल्या नाण्याने, हे मला सहन झालं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, ‘पाच रुपयांचं एवढं काय? आणि निघण्याआधी मला विचारायचंस.’ माझ्याच गाडीत बसण्याआधी मी का विचारायचं? त्याचं म्हणणं, घरातली सगळी बिलं, सगळे टॅग एकाच फोनवर असले की हिशेब नीट राहतो. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: विजेचं बिल चार दिवस उशिरा भरलं तर मागे कोणी हॉर्न वाजवत नाही. टोलची गोष्ट वेगळी आहे, तिथे पैसे त्याच मिनिटाला लागतात आणि समोर उभा असतो तो गाडी चालवणारा. मग सूचनाही त्यालाच मिळायला हवी. ‘यात बाई-पुरुष असं काही नाही,’ असंही तो म्हणतो. त्या सकाळी काचेवर टकटक त्याला ऐकावी लागली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला, आरसी आणि ओळखपत्र पाठवलं आणि टॅगवर माझा नंबर घालून घेतला. नवरा दोन दिवस गप्प होता. आता तो गाडी नेतो तेव्हा नेण्याआधी मला टॅगमधली शिल्लक विचारतो, आणि मी सांगते. हिशेब काही बिघडला नाही.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते, यूपीआयचं नंतर बघा, आधी भावाशी बोला. गाडी तुम्ही चालवता तर मेसेज तुमच्या फोनवर यायला हवेत. ‘मी भरून ठेवतो रे’ यावर विसंबू नका. भरून ठेवणारा माणूस चांगलाच असतो, पण तो नाक्यावर नसतो. रिचार्ज आदल्या रात्री घरूनच करा. कोणत्याही यूपीआय अ‍ॅपमधून गाडीच्या नंबरावर ते होतं, त्यासाठी भावाचा फोन लागत नाही. पाचशेच्या खाली शिल्लक जाऊ देऊ नका, कारण कधी अटल सेतूवरून जायचं ठरलं तर एका खेपेचेच २५० जातात. आणि रोख ठेवत नाही हे अभिमानाने सांगू नका. शंभराच्या दोन नोटा आणि थोडी चिल्लर गाडीत असू द्या. मी आता ठेवते.

गाडी भावाच्याच नावावर असेल तर केवायसी त्याचीच लागणार. नंबर बदलायला तो तयार नसेल, तर निदान शिल्लक कमी झाल्याचा मेसेज आला की त्याच क्षणी तुम्हाला पुढे पाठवायचं, एवढं कबूल करून घ्या.

महिन्याला एक फेरी म्हणजे घोटी आणि पडघा मिळून जाता-येता चार नाके. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा, जे आधी संपेल तोवरचा पास मिळतो (सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता), त्यात हे दोन्ही बसतात. वर्षाला तुमचे ४८ नाके होतील, तेव्हा चालू दर बघून परवडतो का ते ठरवा. सी लिंक, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे हे राज्याकडचे, तिथे हा पास चालत नाही.

आणि टॅग चालू आहे, पैसे आहेत, पण नाक्याचंच मशीन बंद, असं राष्ट्रीय महामार्गावर झालं तर एक पैसाही देऊ नका. २०१८ पासूनच्या नियमानुसार गाडी फुकट सोडायची असते आणि शून्य रुपयांची पावती द्यायची असते. ती मागून घ्या. ऐकलं नाही तर तिथूनच राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन लावा.