वेब पॅनेलवरच्या बटणाने रूटची स्क्रिप्ट चालवायची आहे. वेब सर्व्हरच्या यूजरला सुडो, म्हणजे रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून कमांड चालवायची मुभा, देऊ का?

द्या, पण एकाच स्क्रिप्टपुरता. सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडो कुणाला ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, 'नोपासवर्ड: ऑल' (पासवर्ड न विचारता काहीही चालवा) लिहून मोकळं व्हायचं असेल तर पॅनेल बनवायचे कष्ट तरी कशाला घेता, रूटचा पासवर्ड दुकानाच्या पाटीवर रंगवा.

चिडून लिहितोय, कारण ही ओळ मी स्वतः सांभाळली आहे. सांगलीकडच्या एका लहान इंटरनेटवाल्याकडे होतो. बिल थकलं की लाइन तोडायची, त्यासाठी काउंटरवर पीएचपीचं एक पान. पोराने आयपी टाकून बटण दाबायचं. मागे 'सुडो आयपीटेबल्स'ची (लिनक्सच्या फायरवॉलची) ओळ, तिच्यात तो आयपी आणि शेवटी '-जे ड्रॉप' (पाकिटं टाकून द्या) असं जोडून सगळं शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली. लिहिणारे आमचे साहेब. मी कुरकुर केली की त्यांचं पालुपद ठरलेलं: "आतलं पॅनेल आहे रे, बाहेरून कोण येतंय?"

बाहेरून कुणी आलंच नाही. काउंटरवर नवा पोरगा आला. जुना पोरगा दोन लाइनी एकदम तोडायच्या असल्या की आयपींमध्ये स्वल्पविराम द्यायचा. ते चालायचं, कारण आयपीटेबल्सला स्वल्पविरामाने जोडलेले पत्ते कळतात. नव्याने अर्धविराम दिला. शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे कमांड संपली. पहिल्या तुकड्यात '-जे ड्रॉप' उरलंच नाही, आणि टार्गेट (पाकिटाचं काय करायचं तो आदेश) नसलेला नियम आयपीटेबल्स बिनतक्रार घेतं, पाकिटं मोजतं नि पुढे सोडतं. दुसऱ्या तुकड्यात आयपी हीच कमांड. 'कमांड नॉट फाउंड' अपाची या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये गेलं, जो कुणी उघडत नव्हतं. पॅनेलने मात्र हिरव्या अक्षरात 'लाइन बंद' दाखवलं. एक्झिट कोड (कमांड जमली की फसली ते सांगणारा आकडा) बघायचा असतो हे साहेबांच्या गावीही नव्हतं. बुडवी गिऱ्हाइकं दोन महिने फुकट नेट वापरत होती. ती कशाला तक्रार करतील!

साहेबांनी पोराला झापलं. मी त्यांच्यासमोर त्याच चौकटीत अर्धविराम देऊन 'सुडो आयडी' (मी कोण ते सांगणारी कमांड) टाकलं, मागचं शेपूट हॅशने तोडलं, त्यापुढचं शेल वाचत नाही. पानावर उमटलं: यूआयडी ०, रूट. तर म्हणाले, "तुला येतं म्हणून केलंस. त्या पोराला थोडंच येतंय?"

मग मी ते नव्याने लिहिलं, आणि मीही माती खाल्लीच. आधी शेल स्क्रिप्टला सेटयूआयडी बिट (फाइल तिच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) लावून बघितला. लिनक्स स्क्रिप्टवरचा तो बिट मानतच नाही. नंतर सुडोअर्स.डी या सुडोच्या नियमांच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली, तिच्या नावात टिंब होतं. टिंब असलेल्या फाइली सुडो गुपचूप वगळतो, त्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी चाललं, तर हाताखालच्या मुलीने दाखवलं की स्क्रिप्ट रूटच्या मालकीची असली तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो वेब यूजरचा आहे. म्हणजे तो जुनी फाइल बाजूला सारून त्याच नावाने स्वतःची ठेवणार, आणि सुडो ती इमानेइतबारे रूट म्हणून चालवणार. दोन मिनिटांत माझी हुशारी उतरली.

तर स्क्रिप्ट वेबच्या फोल्डरबाहेर, /यूएसआर/लोकल/एसबिनमध्ये. फाइल आणि फोल्डर दोन्ही रूटचे. सुडोअर्समधली ओळ व्हीसुडोनेच (चुका तपासून ती फाइल जतन करणारी कमांड) लिहा, तिच्यात पूर्ण पाथ द्या. आर्ग्युमेंटच्या जागी चांदणी (*) टाकू नका, ती मोकळ्या जागेलाही जुळते आणि मागून नको ते आत शिरतं. आयपीची तपासणी स्क्रिप्टमध्येच हवी. पीएचपीमधली तपासणी शोभेची समजा. पीएचपी ७.४ पासून प्रोक_ओपनला (बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) कमांड अ‍ॅरे, म्हणजे सुट्या तुकड्यांची यादी, म्हणून देता येते, मध्ये शेल येतच नाही. तेच वापरा. आणि एक्झिट कोड बघा हो.

एक राहिलं. एवढं करून रूट वाचतो, गिऱ्हाइकं नाही. पॅनेलमध्ये घुसलेला माणूस एकेक करत सगळ्या गावाची लाइन तोडू शकतोच. म्हणून आमच्या स्क्रिप्टमध्ये कधीच न तोडायच्या पत्त्यांची यादी आहे. साहेबांच्या घरचा आयपी तिच्यात घालायचं मी मुद्दाम विसरलो, असं ते अजून सांगत फिरतात.