जिराची तिकिटं गोलला जोडताय? आधी हे वाच

अरे भावा, जिरातला (कामाची तिकिटं ठेवायचं सॉफ्टवेअर) सगळा प्रोजेक्ट उचलून गोलला, म्हणजे टीमने ठरवलेल्या उद्दिष्टाला, जोडू नकोस, मी अंबडला होतो तेव्हा हेच केलं होतं आणि बंद झालेल्या तिकिटांवरून डॅशबोर्डवर गोल ८० टक्के पूर्ण दिसायला लागला, साहेब खुश, आणि कस्टमरच्या तक्रारी होत्या तेवढ्याच! नंतर एकेक तिकीट उघडून बघितलं तर निम्मी 'डुप्लिकेट' नाहीतर 'करणार नाही' म्हणून बंद केलेली. जिरात स्टेटसच्या कॅटेगरी तीनच, टू डू, इन प्रोग्रेस, डन, आणि अशी तिकिटं पण डनमध्येच जाऊन बसतात, म्हणून जेक्यूएल (जिरात तिकिटं शोधायची भाषा) लिहिताना रेझोल्यूशनचा, म्हणजे तिकीट काय म्हणून बंद झालं त्याचा, फिल्टर लावच.

दुसरं म्हणजे एपिक (एका मोठ्या कामाखालच्या तिकिटांचा गट) जोड, सुटी तिकिटं नको. पण एपिकमध्ये मधेच दहा नवीन तिकिटं घुसली की टक्केवारी खाली येते, काम पुढं गेलेलं असूनही, मग मीटिंगमध्ये 'मागच्या आठवड्यात तर ६० होते ना' हे ऐकायची तयारी ठेव.

आणि खरं सांगू का, तिकिटं बंद झाली म्हणजे गोल झाला असं नसतंच. 'तक्रारी ४० वरून १५ वर आणायच्या' असा गोल असेल तर तो आकडा तक्रारींच्या तिकिटांवरूनच मोज, डेव्हलपरच्या कामाची तिकिटं फक्त शेजारी दिसू देत.

हां, जिरा आणि गोलच्या डॅशबोर्डचं कनेक्शन स्वतःच्या लॉगिनने करू नको, वेगळं अकाउंट मागून घे. आमच्याकडे ज्याच्या टोकनवर (त्याच्या अकाउंटच्या डिजिटल किल्लीवर) सगळं चालू होतं तो पुण्याला गेला, त्याचं अकाउंट बंद केलं आणि तीन आठवडे आकडे हललेच नाहीत, कुणाच्या लक्षात पण आलं नाही.