संगमरवरी ओट्यावर लिंबाचे चट्टे: सीलरचा तिसरा हात मारू नका

सीलरचे (दगडात डाग मुरू नयेत म्हणून लावायच्या द्रवाचे) दोन हात मारूनही लिंबाच्या रसाचे पांढरट चट्टे पडतात, तर तिसरा मारावा का, असा तुमचा प्रश्न आहे. मारू नका. सीलर निकामी झालेला नाही. तिथे काही मुरलेलंच नाही, आम्लाने दगड खाल्ला आहे.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो यांतल्या आम्लाने ते विरघळतं आणि पॉलिश केलेला वरचा पापुद्रा जातो. आत मुरणारा सीलर दगडाच्या छिद्रांत बसतो आणि तेल, चहा, हळद शोषली जाण्याचा वेग कमी करतो. पृष्ठभाग मात्र उघडाच राहतो. फरक ओळखायला सोपा आहे: मुरलेला डाग दगडापेक्षा गडद दिसतो, आम्लाचा चट्टा फिका, चमक गेलेला, तिरक्या उजेडात चटकन दिसणारा.

चट्टा नखाला लागत नसेल तर संगमरवराची पॉलिशिंग पावडर पाण्यात कालवून ओल्या फेल्टने (नमद्यासारख्या जाड कापडाने) घासा. नखाला लागत असेल तर डायमंड पॅडने (हिऱ्याची पूड बसवलेल्या चकतीने) क्रमाने 400, 800, 1500, 3000 असं, म्हणजे जाडसरकडून बारीककडे, घासावं लागेल. ते कारागिराकडे सोपवा, नाहीतर तेवढ्याच जागी खळगा पडतो. लिंबू रोजच वापरात असेल तर अख्खा ओटा मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. चट्टे तरीही पडतील, पण नजरेत भरणार नाहीत.

सीलर पुन्हा कधी लावायचा हे कॅलेंडरवर ठरवू नका. दगडावर चमचाभर पाणी ओता, 15 मिनिटांनी पुसा. खालचा दगड गडद झाला असेल तरच लावा. आधी पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा) क्लीनरने धुवा आणि किमान 24 तास सुकू द्या. ओल असली तर सीलर आत शिरत नाही. मग थोड्या थोड्या भागावर पातळ लावा, डब्यावर लिहिलेला वेळ (बहुधा 5 ते 15 मिनिटं) थांबा, आणि वर उरलेला सगळा सीलर वाळायच्या आत कोरड्या कापडाने पुसून काढा. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. राहिलेला सीलर वाळून चिकट, धुरकट थर होतो. तसं झालंच तर त्यावर तोच सीलर थोडा ओतून, मऊ पडताच पुसून घ्या. पुढचे 24 तास पाणी लागू देऊ नका.

आधीच मुरलेला तेलाचा डाग असेल तर तो सीलर लावण्यापूर्वी काढा. खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून अर्धा सेंटिमीटर जाड थापा, प्लास्टिकने झाकून 24 तास ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळतानाच तो तेल ओढून घेतो. एकदा लावून पुरेसं होईलच असं नाही.

चकाकी देणारे, वर थर धरणारे कोटिंग कुणी सुचवलं तर जमिनीलगतच्या, ओल येणाऱ्या फरशीवर अजिबात लावू नका. खालची वाफ अडकते, क्षार दगडातच साठतात आणि पापुद्रे सुटतात.

दाट काळ्या ग्रॅनाइटवर पाण्याची चाचणी करून पाहा. बहुतेक वेळा काहीच शोषलं जात नाही, आणि तिथे सीलर लावला तर फक्त वर ओघळ उरतात.