दर नको बघूस, माणूस कुठे गेला ते बघ

तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. "काका, आयर्लंडमध्ये बेरोजगारी जेमतेम साडेचार-पाच टक्के आहे, तरी मला नोकरी मिळत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार." वाचून आधी वाईट वाटलं, मग खरं सांगतो, रागच आला. डब्लिनला मास्टर्स केलंस ना गं तू? मग दर वाचताना माणूस कुठे गेला हे का नाही विचारलंस?

आठवड्यात एक तास जरी पगारी काम केलं तरी लेबर फोर्स सर्व्हेत, म्हणजे ज्या सरकारी पाहणीतून हा दर काढतात तिच्यात, तो माणूस नोकरीत धरतात. म्हणजे शनिवार-रविवार सुपरमार्केटच्या बिल काउंटरवर उभी राहणारी तू त्या साडेचार टक्क्यांत नाहीसच. आणि ज्याने थकून चार आठवडे अर्जच केला नाही तो बेरोजगारही नाही, तो मोजणीतूनच बाहेर.

मी २००६ ला आयर्लंडला आलो तेव्हाही दर इतकाच होता, जिकडेतिकडे क्रेन दिसायच्या. मग बांधकामाचा धंदा कोसळला, बँका बुडायला आल्या, २०१० मध्ये ८५ अब्ज युरोचं बेलआउट, म्हणजे देश सावरायला मदतीचं पॅकेज, घ्यावं लागलं आणि २०१२ च्या सुरुवातीला दर १५ च्या वर. माझी नोकरी २००९ लाच गेली होती. आठ महिने बायको सोडून कुणाला सांगितलं नाही, आई फोनवर विचारायची ऑफिस कसंय, मी म्हणायचो मस्त. शेवटी पुण्याला परत गेलो. २०१२ च्या आसपास जेमतेम ४६ लाखांच्या या देशातून वर्षाला ८० हजारांवर माणसं बाहेर पडत होती, आम्ही सगळे गेलो म्हणून तो दर आणखी चढला नाही, कळतंय का? एवढ्या लहान देशात लोक विमानात बसले तरी दर उतरतो, त्यासाठी काम वाढावं लागत नाही.

लोक म्हणाले घाबरून पळाला. नाही पळालो. बायकोला सातवा महिना होता, भाडं थकलेलं, आजही मी तेच करीन. चुकलं ते हे की आठ महिने स्वतःला नालायक समजत एकाच शहरात, एकाच प्रकारच्या नोकरीसाठी अर्ज टाकत बसलो.

आणि तू नेमकं तेच करतेयस! २०२२ च्या शेवटापासून टेक कंपन्यांनी माणसं कमी केली, ती माणसं कुठे गेली? तुझ्याच रांगेत तुझ्या पुढे उभी आहेत, दहा-दहा वर्षांचा अनुभव घेऊन. कॉर्कला औषध कंपन्या आहेत, गॉलवेला मेडिकल डिव्हाइसवाले, तिथे किती अर्ज केलेस? एकही नाही. तुझा स्टॅम्प वन-जी, म्हणजे शिक्षणानंतर इथे राहून नोकरी शोधायचा परवाना, दोन वर्षांचा, त्यातले सात महिने गेले पण.

आज घरी फोन कर, आईला आहे तसं सांग, ती रडेल थोडी, रडू दे. आणि कॉर्कसाठीचा सीव्ही वेगळा करून रविवारपर्यंत मला पाठव, मी वाचतो.