शिनचॅन मुळात मोठ्यांचाच होता

‘ताई, वय तीस, ठाण्यात बँकेत आहे. शाळेपासून ॲनिमे बघतोय. हल्ली कुठलीही मालिका लावली तरी तिसऱ्या भागापर्यंत पोचत नाही, मध्येच हात मोबाइलकडे जातो. आई म्हणते, “स्थळं बघायची वेळ आली तरी कार्टून सुटत नाही.” मला उलटीच भीती. सुटलंच की काय? वय वाढलं की हे संपतंच का?’
– नाव नको

आईचं आधी मिटवू. १९९३ साली दर रविवारी अख्ख्या घराने दूरदर्शनवर ज्या मोगलीला बघितलं, ती १९८९ची जपानी ॲनिमे मालिका. आणि आपण पोराबाळांचा म्हणतो तो शिनचॅन १९९० साली जपानमध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू झाला.

आता तुझं. जपानमध्ये मांगा, म्हणजे ज्यांवरून बरेच ॲनिमे निघतात त्या चित्रकथा, कोणत्या वाचकासाठी आहे हे मासिकावरून ठरतं: मुलग्यांसाठी शोनेन, मुलींसाठी शोजो, मोठ्या पुरुषांसाठी सेइनेन, बायकांसाठी जोसेई. आपल्याकडे गाजलं ते बहुतेक शोनेन. पंधरा वर्षांचा नायक, स्पर्धा, हार, नवी शक्ती, ऐन मारामारीत बालपणीची आठवण. हा साचा तुला पाठ झालाय, म्हणून तिसऱ्या भागातच पुढचं दिसतं. संपलं असेल तर हे संपलंय. ॲनिमे नाही.

शिवाय हिशेब बघ. ‘नारुतो’ या शोनेन मालिकेचे २२० भाग, पुढच्या ‘शिप्पुदेन’चे ५००. सुरुवातीचं-शेवटचं गाणं वगळून भागाला २१ मिनिटं धरली तरी २५२ तास होतात. कॉलेजच्या सुट्ट्यांत ते सहज जिरत होतं. लोकलमधून उतरून रात्री साडेआठला घरी येणाऱ्याला नाही जिरणार. त्यात पहिल्या मालिकेत १३५व्या भागानंतर जवळजवळ सगळा भरणा आहे, म्हणजे मूळ मांगात नसलेली कथा, कारण ॲनिमे मांगाच्या जवळ येऊन पोचलं आणि वाट बघत बसलं. तिथे कंटाळलास तर वयाला दोष देऊ नकोस.

मोबाइलचं कारण वेगळं आहे. उपशीर्षकं वाचायची तर डोळे पडद्यावरच हवेत, आणि तुझे डोळे दिवसभर पडद्यावरच असतात. दोन वाक्यं चुकली की धागा सुटतो, मग मोबाइल हातात येतो, मग आणखी सुटतो. म्हणून रात्री अंथरुणात बघणं बंद कर. शनिवारी दुपारी, जेवून तासभराने, दोनच भाग, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दीडपट वेगाने तर अजिबात नको. संवाद कसाबसा कळतो, पण दोन वाक्यांमधली शांतता मरते. दमलेला असशील तर सरळ डब केलेलं बघ, त्यात काही कमीपणा नाही.

‘नंतर बघू’ची यादी आजच छाट: वर्षभरापूर्वी टाकलेलं सगळं काढ. २६ भागांपेक्षा मोठं काही घेऊ नकोस. ‘प्लॅनेटिस’ (२००३) घे. अंतराळातला कचरा गोळा करणारे नोकरदार, कंपनीत त्यांच्या विभागाला कुणी विचारत नाही; बँकेतल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. आठवडे चुकत असतील तर ‘मुशिशी’ (२००५): प्रत्येक भाग स्वतंत्र, मागचं आठवावं लागत नाही. ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ तर कथाकथन ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला घरचंच वाटेल. राकुगो म्हणजे जपानी कथाकथनच: एकच माणूस, बसायला गादी, हातात पंखा, आणि मान इकडून तिकडे वळवली की पात्र बदललं. पहिला भाग दुप्पट लांब आहे, तो एकट्यानेच बघ.

एक चूक मात्र करू नकोस. शाळेतली आवडती मालिका परत लावून स्वतःची परीक्षा घ्यायची नाही. दर आठवड्याच्या घाईत तिथे एकच चित्र हलवून वेळ काढलेला असतो. तेव्हा ते दिसत नव्हतं, आता दिसेल, आणि तू भलताच निष्कर्ष काढशील.

दोन मालिकांचे चार-चार भाग नीट बघूनही मन लागलं नाही, तर वर्गणी बंद कर आणि वाईट वाटून घेऊ नकोस. पण मित्र, क्रिकेट, जेवण यातही दोन आठवडे रस वाटत नसेल, तर प्रश्न ॲनिमेचा नाही, डॉक्टरांना भेट.

आणि स्थळाच्या बायोडेटात छंदापुढे ‘वाचन, संगीत’ लिहू नकोस. ‘ॲनिमे’ लिही. नाक मुरडणारी आधीच गळतील, आणि एखादी पहिल्याच फोनवर विचारेल, डब की सबटायटल?